आमची नात बर्गरच्या दुकानात तळते



दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय समजावून सांगतात. दहा दिवस, दहा अध्याय. यंदा सातव्या दिवशी प्रवचन सुटलं आणि पायरीवर चपला शोधता शोधता एका आक्कांनी मला विचारलं, "काय हो वहिनी, तुमच्या धाकट्या जाऊबाईंची नात म्हणे पुण्यात बर्गरच्या दुकानात तळणाला आहे?"

आजूबाजूला पाच-सहा जणी होत्या. सगळ्यांचे कान इकडे. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "छे हो, ती तिथं मॅनेजमेंटचं ट्रेनिंग घेतीय."

हे खोटं होतं. उत्तम सत्य धर्माचा दिवस होऊन दोनच दिवस झाले होते. घरी आले, पातेलं गॅसवर ठेवलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. पोरगी खरोखर तळणालाच आहे. ते मला मे महिन्यापासून माहीत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं कधी लपवलं नाही. लपवलं ते मी. का लपवलं, याचा विचार गेले काही दिवस करतेय, तोच आज लिहिते.

आधी ती तिथं कशी गेली ते सांगते. पोरगी बावीस वर्षांची, माझ्यासारखीच बी.कॉम. तिच्या वडिलांचं कापडाचं लहान दुकान होतं, ते दोन वर्षांपूर्वी बंद करावं लागलं. धाकटा भाऊ अजून शिकतोय. पुण्यात ती नोकरी शोधायला गेली. ऑफिसातल्या नोकऱ्यांसाठी अनुभव मागायचे, आणि अनुभवासाठी आधी नोकरी हवी. तीन महिने फिरल्यावर एका छोट्या साखळीच्या बर्गरच्या दुकानात तिला काम मिळालं. दुकानाचं नाव लिहीत नाही, आपल्याला त्याच्याशी काही करायचं नाही. स्वयंपाकघरात उभं राहायचं, आठ तास.

मे महिन्यात मी पुण्याला मुलाकडे होते. तिच्या खोलीत पाण्याची अडचण झाली म्हणून तीन आठवडे ती आमच्याकडे राहायला आली. पहिल्या रात्री साडेबाराला दाराची कडी वाजली. पोरगी आत आली, चपला काढल्या आणि तिथंच जमिनीवर बसली. केसांना, कपड्यांना तेलाचा वास. उजव्या मनगटावर दोन लाल चट्टे. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "काही नाही मोठ्या आज्जी, जाळी उचलताना लागतं. सगळ्यांनाच लागतं."

मी त्या रात्री तिच्या पायांना खोबरेल चोळलं आणि मनात म्हटलं, उद्या हिच्या आईला फोन करून हे बंद करायला सांगते. फोन केला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी तिला विचारलं, "नक्की काय करतेस तिथं?" आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून मी चाट पडले.

मी लग्न होऊन आले १९८३ मध्ये. तेव्हापासून बेचाळीस वर्षं दोन वेळचा स्वयंपाक. हिशेब मांडला तर तीस हजार वेळा तरी मी चूल पेटवली असेल. मला वाटायचं, स्वयंपाकातलं मला कोण काय शिकवणार? पण तिच्या स्वयंपाकघरातल्या चार गोष्टी मला खरंच ठाऊक नव्हत्या.

पहिली गोष्ट तेलाची. आपण कणकेचा गोळा टाकून तेल तापलं का ते बघतो. तिथं आकडा असतो, पावणेदोनशे अंशांच्या आसपास, आणि प्रत्येक पदार्थाला वेगळा टायमर. टायमर वाजला की जाळी वर, पुढं एक मिनिटसुद्धा नाही. तेल किती दमलं हेही मोजतात. तळून तळून तेलात जे घातक घटक तयार होतात, त्यांचं माप २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खायला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. मैत्रिणींनो, दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल आपण गाळून बरणीत ठेवतो आणि पुन्हा पुऱ्यांना काढतो, तेव्हा आपण काय मोजतो?

दुसरी गोष्ट थंड-गरमची. गोठवलेला माल उणे १८ अंशांत, फ्रिजमधला ५ अंशांच्या खाली, गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून तिथं अन्न फार वेळ राहू द्यायचं नाही. दर काही तासांनी हे आकडे वहीत लिहायचे आणि खाली सही करायची. मर्यादेचं पाणी, मर्यादेचं पीठ, किती दिवसांचं चालतं आणि किती दिवसांचं नाही, हे आपल्या आज्या-सासवांनी आपल्याला शिकवलंच होतं. पावसाळ्यात पिठाची मर्यादा कमी, थंडीत जास्त. तिथं तेच काम थर्मामीटर करतो.

तिसऱ्या गोष्टीला मी हसले. ती म्हणाली, "आज्जी, तिथं सगळं फिफो चालतं." मी म्हटलं, "काय?" तर तेच ते आपलं, बी.कॉम.ला कॉस्टिंगमध्ये शिकलेलं! आधी आलेला माल आधी वापरायचा. आम्ही परीक्षेत त्याची उदाहरणं सोडवली, शेवटचा शिल्लक साठा किती रुपयांचा ते काढलं, आणि मार्क घेऊन विसरलो. ती रोज करते. नवीन खोकं मागं, जुनं पुढं, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. रात्री वाया गेलेल्या मालाची यादी, किती पाव, किती टिक्क्या. त्यावरून उद्या किती काढायचं ते ठरतं. पदवी वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी ती यादी बघावी.

आणि चौथी गोष्ट कामाच्या वाटणीची. एक जण पाव भाजणार, एक तळणार, एक रचणार, एक कागदात गुंडाळणार. १९४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांनी आपलं चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवलं, पदार्थांची लांबलचक यादी छाटून मोजकेच पदार्थ ठेवले आणि स्वयंपाकघर कारखान्यासारखं मांडलं. पंधरा सेंटला बर्गर, झटपट. तिथून ही पद्धत जगभर गेली. आम्हाला अर्थशास्त्रात अॅडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना होता, एक टाचणी दहा जणांच्या हातून जाते आणि म्हणून हजारोंनी तयार होते. तेच हे. फक्त टाचणीच्या जागी बटाटा.

या पद्धतीचा एक तोटा मात्र आहे आणि तो तिनंच सांगितला. "आज्जी, आठ तास एकच काम. डोकं रिकामं होतं. घरी आले तरी कानात टायमर वाजतो." गर्दीच्या वेळी पडद्यावर ऑर्डर लाल झाली की छातीत धडधडतं. पाणी प्यायला सुद्धा विचारून जायचं. हे काम सोपं नाही आणि फार सुखाचंही नाही. मी कुणाच्या लेकीला मुद्दाम तिथं पाठवा असं म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

माझं म्हणणं असं, की पोटासाठी दुसऱ्याला करून वाढणं यात कमीपणा कुठून आला?

आपल्या ओळखीत दोन-तीन घरची मुलं कॅनडात शिकायला आहेत. तिथं परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेज चालू असताना आठवड्याला २४ तास बाहेर काम करता येतं. बरीच मुलं याच कामाला लागतात, बर्गर आणि कॉफीच्या दुकानात. त्यांच्या आया मंदिरात कसं सांगतात? "आमचा मुलगा अगदी स्वावलंबी झालाय हो, पार्टटाइम जॉब करतो." आपणही मान डोलावतो, "कौतुक आहे बाई." तेच काम, तेच तेल, तसाच टोप डोक्यावर. डॉलर मिळाले की पार्टटाइम जॉब आणि रुपये मिळाले की भजी तळते? मुलानं केलं तर स्वावलंबन आणि मुलीनं केलं तर "हिच्या लग्नाचं कसं होणार"?

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं थेर आहे असंही नाही. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापावची गाडी सुरू केली असं सांगतात. गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्याला उभ्या उभ्या पोट भरता यावं, हाच त्याचा उपयोग. झटपट खाणं आपल्याकडे होतंच. त्या गाडीवर तळणाऱ्याला आपण नाव ठेवलं नाही, त्याच्याकडून बांधून आणलं.

आता पैशाचं. वाणिज्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मी तिला पगाराची चिठ्ठी दाखवायला सांगितली. मूळ वेतन १५,००० रुपये, भत्ते १,५००, एकूण १६,५००. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८००, आणि राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का म्हणजे १२४. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. हातात १४,५७६. मी कागदावर आकडेमोड करून पाहिली, रुपयाचाही फरक नाही. मालक आपल्या पदरचे निधीत १,८०० आणि विम्यात सव्वातीन टक्के घालतो ते वेगळं. मनगट भाजलं तेव्हा ती त्याच विम्याच्या दवाखान्यात जाऊन आली होती. आठवड्याला एक सुट्टी. या चौदा हजारांतून ती पाच हजार घरी पाठवते, भावाच्या फीसाठी.

पगार फार नाही. पुण्यात खोलीचं भाडं आणि प्रवास यांत बराचसा जातो. पण त्या चिठ्ठीवर तिचं नाव छापलेलं होतं. बी.कॉम. झाल्यावर मला बँकेत लागायचं होतं, परीक्षेचा फॉर्मसुद्धा आणला होता. घरातून नको म्हणाले. मी कुणाला दोष देत नाही, तेव्हा तशीच पद्धत होती. पण बासष्ट वर्षांत माझ्या नावाची अशी एकही चिठ्ठी निघाली नाही. ती हातात धरून मी जरा जास्तच वेळ बघत बसले.

आता खरा प्रश्न. तो माझ्याही मनात होता आणि तुमच्याही असणार. अशा दुकानात मांसाहारही शिजतो. आपल्या घरची पोर तिथं कशी काय?

मी तिला हे सरळ विचारलं. ती म्हणाली, "मुलाखतीतच सांगितलं होतं, मी शाकाहारी बाजूलाच काम करीन." त्या दुकानात दोन बाजू अगदी वेगळ्या आहेत. कट्टे वेगळे, तळणीची भांडी वेगळी, चिमटे वेगळे, काम करणारी माणसंही वेगळी. आपल्या देशातल्या गिऱ्हाइकाला हे लागतं, हे मोठ्या कंपन्यांनाही आल्याआल्या कळलं होतं. मॅकडोनाल्डनं १९९६ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत दुकानं काढली तेव्हा गाईचं आणि डुकराचं मांस ठेवलंच नाही आणि शाकाहाराचा विभाग वेगळा केला. आपल्यासारख्यांच्या आग्रहाचाच हा परिणाम.

शाकाहारी बाजूला म्हणजे मुख्यतः बटाटा. ती बटाटा खात नाही, पण दिवसभर तळते. संध्याकाळची पाळी असली की सहा वाजता मिळणाऱ्या सुट्टीत मालाच्या खोलीत खोक्यावर बसून आपला डबा खाते, कारण पुढं सूर्य मावळतो. दुकानातलं जेवण फुकट मिळतं, ते ती घेत नाही. मी असताना तिला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी देत होते.

आक्का म्हणतील, स्वतः खाल्लं नाही तरी करून दिलंच की. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींनी कर्मबंध होतो. बरोबर आहे. पण मग तिन्ही मोजूया. आपल्या घरी नातवंडांच्या वाढदिवसाला "जैन पिझ्झा" मागवतो, तो कुठल्या भट्टीत भाजला जातो? करणारी ती असेल, पण करवून घेणाऱ्या आपण आहोत आणि "छान झालाय हं" म्हणणाऱ्याही आपणच. नुसतं करणारीचंच पाप मोजून थांबायचं, हा कसला हिशेब? अर्धी वही लिहून ताळेबंद जुळत नाही.

आणि हिंसेचे चार प्रकार आपल्याला लहानपणापासून शिकवलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीची जमेल तेवढी कमी करत जायची. आपल्याकडची बहुतेक घरं मूळची शेतकरी. नांगर चालतो तेव्हा किती जीव जातात ते आजोबांना माहीत होतं, तरी शेती सोडली नाही आणि शेतकऱ्याला कुणी हिणवलं नाही. हळद तर जमिनीखालचीच. पोर बटाटा तळते ती उद्योगी हिंसा आहे, नाही कोण म्हणतं? पण मग नांगरालाही तोच शब्द लावा, आणि दोघांनाही तोच मान द्या.

मांसाला मात्र हात लावायचा नाही, इथं माझं मत पक्कं आहे आणि तिचंही. त्याची परीक्षा झाली. जूनमध्ये एका रविवारी रात्री दुसऱ्या बाजूचा मुलगा आला नाही. मॅनेजर म्हणाला, आज तू तिकडे उभी राहा. तिनं नाही म्हटलं. तो म्हणाला, "इथं काम करायचं तर सगळं करावं लागतं." ती म्हणाली, "मी आधी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात." वाद वाढवला नाही, आपल्या जागेवर उभी राहिली. पुढचे दोन आठवडे तिला सगळ्या रात्रीच्या शेवटच्या पाळ्या लावल्या. शेवटची पाळी म्हणजे दुकान बंद झाल्यावर यंत्रं घासायची, तेल काढायचं, फरशी धुवायची. तिनं ते केलं आणि वरच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं. मग पाळ्या पूर्ववत झाल्या. शाकाहारी बाजूलाच ठेवण्याचं आता तिच्याकडे लेखी आहे.

मला सांगा, आपल्यापैकी किती जणींच्या नियमाची अशी परीक्षा झालीय? आपण शुद्ध घरात, शुद्ध ओट्याशी उभं राहून नियम पाळतो. तिथं मोडायला सांगणारं कुणीच नसतं. तिनं पोटावर पाय येत असताना पाळला. तरी मंदिराच्या पायरीवर मान खाली घातली मी, तिच्या वतीनं.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा शुद्ध शाकाहारी ठिकाणी का जात नाही? आम्हीही तेच म्हटलं. आपल्याच समाजातल्या एका गृहस्थांचं उपाहारगृह आहे, कांदा-लसूणसुद्धा नाही. माझ्या दिरांनी स्वतः शब्द टाकला. ते हो म्हणाले. पगार १२,००० रोख. चिठ्ठी नाही, निधी नाही, विमा नाही. वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ. साप्ताहिक सुट्टीचं विचारलं तर म्हणाले, "घरचंच समजून राहा, लागेल तेव्हा घे."

दिरांना वाटत होतं तिनं हे घ्यावं. तिच्या आईलाही. पोरीनं दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाली. मला म्हणाली, "मोठ्या आज्जी, तिथलं ताट शुद्ध आहे, पण वही शुद्ध नाही."

मला तेव्हा हे जरा आगाऊपणाचं वाटलं. पण सातव्या अध्यायाचं प्रवचन ऐकताना हेच वाक्य डोक्यात घुमत होतं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणापासून आपल्याला समजावलं जातं की हे बैलाबद्दल, गाढवाबद्दल आहे. जास्त ओझं लादू नये, वेळेवर चारा-पाणी द्यावं. पण आश्रित म्हणजे काय फक्त जनावर? बिनसुट्टीचे अकरा अकरा तास हे ओझं नाही का? आणि कबूल केलेल्यापेक्षा जास्त काम घेऊन पैसे तेवढेच द्यायचे, याला अचौर्याच्या व्रतात काय म्हणतात?

इथवर लिहून मी थांबले होते, कारण आता माझ्या स्वतःच्या घराची पाळी आली.

आमच्याकडे अकरा वर्षं एक मावशी सकाळी पोळ्या-भाजीला येतात. रोज दोन तास. महिन्याला ४,५०० रुपये. मी ताशी हिशेब काढला, ७५ रुपये. नातीचा आठ तास, महिन्याचे २६ दिवस धरून ताशी ७९. मला आधी बरंच वाटलं, फार फरक नाही म्हणून. मग नीट पाहिलं. मावशींचे मी तीस दिवस धरले होते! त्यांना साप्ताहिक सुट्टी नाहीच. नातीच्या मालकाचा निधी आणि विमा धरला तर तिचा दर ९० रुपयांवर जातो. मावशींच्या नावानं अकरा वर्षांत माझ्याकडून एक पैसा कुठं जमा झालेला नाही. मागच्या वर्षी त्यांचा हात भाजला होता, माझ्याच घरच्या तव्यावर. मी बर्नॉल दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत म्हणून कुरकुर केली.

ज्या दुकानाला मी नावं ठेवणार होते, त्या दुकानानं माझ्या नातीला जे दिलं, ते मी माझ्या स्वयंपाकघरात दिलेलं नाही. आणि माझं स्वयंपाकघर सोवळ्याचं!

ऑक्टोबरपासून मावशींना रविवारची सुट्टी दिली, पगार न कापता. त्या दिवशी पोळ्या मी करते. सुनेनं त्यांच्या नावानं पोस्टात आवर्ती ठेव उघडून दिली, महिन्याला ५०० रुपये आम्ही भरतो. फार मोठं काही केलं नाही, उशिराच सुचलं. तुमच्याही घरी मावशी येत असतील, वीणा-शिवणाच्या दुकानात मुलगी असेल, भोजनशाळेत ताटं घासणाऱ्या बायका असतील. एकदा कागद घेऊन बसा आणि ताशी दर काढा. सुट्टीचे दिवस मोजा. बी.कॉम. असण्याची गरज नाही.

आणि आपल्या समाजातल्या उपाहारगृहवाल्यांना, केटरिंगवाल्यांना एवढंच विचारते, की आपल्या मुलींना बर्गरच्या दुकानात जावं लागू नये असं वाटत असेल, तर तुमच्याकडे पगाराची चिठ्ठी मिळते का?

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात त्या आक्का भेटल्या. सगळ्यांशी करतो तसं उत्तम क्षमा म्हणून पुढं जाता आलं असतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आक्का, त्या दिवशी मी खोटं बोलले. पोरगी ट्रेनिंगला नाही. तळणालाच आहे. शाकाहारी बाजूला. महिन्याला घरी पाच हजार पाठवते."

आक्का जरा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, चतुर्दशीचा उपवास अजून सोडत नाहीत. मला वाटलं, आता कारित-अनुमोदना निघणार.

त्या म्हणाल्या, "आणि मावळायच्या आत जेवायला मिळतं का गं तिला? डबा कोण करून देतं?"

मी सांगितलं, स्वतःच करून नेते.

"एवढं तळून आल्यावर परत स्वतःचं करते होय," असं म्हणून त्या पायऱ्या उतरू लागल्या. चार दिवसांनी त्यांच्या नातवाच्या हाती एक डबा आला. भाजणीच्या चकल्या, आणि वर चिठ्ठी: पुण्याला कुणी जात असेल तर पाठवा.

तुमच्या घरात कुणी असं काम करत असेल तर जरूर लिहा. नाव नको, काम लिहा.

जय जिनेंद्र.